कवळी डब्यात का राहिली: बीडीएसच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी काही अनुभव

बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, फायनल इयरला मी पाच सीडी केल्या. त्यांतली सगळ्यात चांगली जमली ती एका आजींची. सीडी म्हणजे कम्प्लीट डेंचर, घरच्या भाषेत कवळी. क्लिनिकल पोस्टिंग सुरू झालं की आठवडाभरात तुमच्याही तोंडी हाच शब्द बसेल. आजी सत्तरीच्या पुढच्या, तोंडाचं पार बोळकं झालेलं, गाव कॉलेजपासून एसटीने दीड तासावर. ट्राय-इनच्या दिवशी, म्हणजे मेणात लावलेले दात तोंडात बसवून बघतात त्या दिवशी, मॅडमनी बॅचमधल्या सगळ्यांना बोलावून मी लावलेले दात दाखवले होते. कवळी बसवली, रजिस्टरवर सही झाली, कोट्यातली एक केस संपली. जाताना आजींनी माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मी परीक्षेच्या अभ्यासाला लागले.

सात-आठ महिन्यांनी, इंटर्नशिपमधल्या पब्लिक हेल्थच्या पोस्टिंगला असताना आमचा कॅम्प नेमका त्याच गावात लागला. मी हौसेने आजींच्या घरी गेले. त्यांनी चहा टाकला आणि मी विचारल्यावर फडताळातून स्टीलचा एक डबा काढला. आत जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली माझी कवळी. ठणठणीत कोरडी. चहाचा साधा डागसुद्धा नव्हता तिच्यावर.

"खालची डाव्या अंगाला टोचायची गं."

"मग आला का नाहीत आजी?"

"तुझी परीक्षा होती न्हवं. आन् पोराचा रोज बुडवून त्याला संगं आणायचा, त्यापरीस ऱ्हाऊ दे म्हनलं."

मी तिथेच ओसरीवर उजेडात बसवून त्यांचा खालचा जबडा पाहिला. ग्लोव्ह घातलेलं बोट डाव्या बाजूला, जिभेकडच्या अंगाने मागे सरकवलं आणि हाडाची धार लागली. मायलोहायॉइड रिज. दात गेल्यावर खालचं हाड झिजत जातं आणि ही कड वर येऊन पात्यासारखी होते. माझ्या कवळीची कड नेमकी तिच्यावर टेकत होती, दोनेक मिलिमीटर जास्त लांब. दुसऱ्या दिवशी बोलावून आतून पीआयपी (प्रेशर इंडिकेटिंग पेस्ट) लावली असती, जिथे दाब पडतो तिथली पेस्ट पुसली गेलेली दिसली असती आणि ॲक्रिलिक बरने तेवढाच भाग घासला असता. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांसाठी आजी सात-आठ महिने भाकरी दुधात कुस्करून खात होत्या.

कवळी बसवल्यावर २४ तासांनी, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने पेशंटला बोलवायचं हे मला पाठ होतं. व्हायवामध्ये मी ते धडाधड सांगितलंही होतं. पण सही मिळायची ती बसवण्याच्या दिवशी. नंतरच्या भेटींसाठी आमच्या रजिस्टरमध्ये रकानाच नव्हता. आणि ज्याला रकाना नाही ते विद्यार्थी करत नाही, मीही केलं नाही.

हे सगळं सुरुवातीलाच सांगते, कारण म्हाताऱ्या माणसांचं तोंड कसं बघायचं याबद्दल मी जे काही शिकले ते त्या डब्यापासून शिकले. आता एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे, आठवड्यातला एक दिवस वृद्धाश्रमात जाते, आणि अधूनमधून इंटर्न सोबत असतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. लहान मुलांच्या दातांसाठी आपल्याकडे पेडो हा अख्खा विषय आहे. त्याचं पोस्टिंग आहे, पेपर आहे, एमडीएस ही पदव्युत्तर पदवी आहे. साठीच्या पुढच्या माणसांसाठी तसं काही नाही. भारतात एमडीएसच्या नऊ शाखा आहेत, त्यांत वृद्धांच्या दंतवैद्यकाची एकही नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरचे १० कोटींहून जास्त लोक होते आणि महाराष्ट्रात दर दहांत जवळपास एक जण साठीपुढचा होता. ही माणसं तुमच्या ओपीडीत रोज येणार, पण तुकड्यातुकड्यांनी: कवळीसाठी प्रॉस्थोत, हिरड्यांसाठी पेरिओत, दात काढायला ओरल सर्जरीत. त्या तुकड्यांचं एक माणूस तुम्हालाच करावं लागेल, कारण कोणत्याही एका विभागाचं ते काम ठरलेलं नाही.

याची तयारी थर्ड इयरपासून करता येते. जनरल मेडिसिनचं पोस्टिंग आपल्याकडे बहुतेक जण हजेरीपुरतं करतात. तसं करू नका. वॉर्डात जा, खाटेला अडकवलेला कागद वाचा, कुणाला कोणत्या गोळ्या चालू आहेत ते वहीत उतरवा आणि संध्याकाळी एकेक औषध तोंडाच्या नजरेने वाचा. ॲम्लोडिपिनने हिरड्या फुगतात. पाणी काढायच्या गोळ्या, नैराश्याच्या गोळ्या, ॲलर्जीच्या गोळ्या, यांनी लाळ आटते. वॉरफरिन घेणाऱ्याला मेट्रोनिडाझोल लिहिलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि कवळीखालच्या बुरशीसाठी आपण सहज देतो त्या मायकोनाझोल जेलनेही तेच होतं. दात दुखतोय म्हणून सवयीने डायक्लोफिनॅक लिहाल, आणि समोरच्याची किडनी आधीच कमजोर असेल. ही यादी मी पाठ करून शिकले नाही. वॉर्डातल्या चेहऱ्यांसकट शिकले, म्हणून राहिली.

केस हिस्टरी घेताना "काही औषधं चालू आहेत का?" असं विचारलं की उत्तर येतं, "बीपीची एक बारकी गोळी आहे." पुढच्या वेळी येताना औषधांची पिशवीच घेऊन या म्हणून सांगा. प्रत्येक घरात ती पिशवी असते, मेडिकलवाल्याचं नाव छापलेली, आत अर्धवट पाकिटं, चूर्णाची पुडी, कुणीतरी सांगितलेलं तेल. टेबलावर सगळं ओता आणि एकेक उचलून विचारा.

तरीही एक गोळी त्या पिशवीत नसते. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी असते, किंवा वर्षातून एकदा शिरेतून इंजेक्शन असतं. रोजचं औषध नाही म्हणून ते पेशंटच्या हिशेबातच नसतं. पण बिस्फॉस्फोनेट गटातल्या या औषधांनंतर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडंच राहतं, महिनोन्‌महिने छळतं. २००३ पासून हे वैद्यकाला माहीत आहे. मी प्रश्न असा विचारते: "सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, अशी एखादी गोळी आठवड्यातून घेता का?" मग लगेच आठवतं. "हां, ती सोमवारची!" गोळीचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, आडवं व्हायचं नाही ही अट राहते. आणि कॅन्सरवर उपचार झालेल्या पेशंटला इंजेक्शनांबद्दल वेगळं विचारा, कारण त्या लोकांत हा धोका कितीतरी जास्त असतो.

रक्त पातळ करायच्या गोळीचं उलट आहे. ती सगळ्यांना माहीत असते आणि दात काढायचा म्हटल्यावर पेशंट स्वतःच ती बंद करून येतात, किंवा एखादा घाबरलेला ज्युनिअर त्यांना बंद करायला सांगतो. हे करू नका. साधा एखादा दात काढायला ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल सहसा थांबवावी लागत नाही. टाका घालून, गॉज दाबून रक्त थांबवता येतं. गोळी थांबवून स्टेंट बंद पडला तर आपल्या हातात काही उरत नाही. वॉरफरिन असेल तर ताजा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) बघा. त्यांच्या फिजिशियनला फोन करा, आणि झालेलं बोलणं केस पेपरवर लिहा.

बीपी प्रत्येक भेटीला मोजायचं. १८०/११० किंवा त्यापेक्षा वर असेल तर घाईचं नसलेलं कोणतंही काम त्या दिवशी करायचं नाही, मग पेशंट कितीही लांबून आलेला असो आणि तुमची केस कितीही अडलेली असो. डायबेटिसच्या पेशंटला सकाळची वेळ द्या, नाश्ता आणि गोळी झाल्यावर. "दात काढायचाय म्हणून काही खाल्लं नाही" म्हणत उपाशी येणारे रोज भेटतात. ड्रॉवरमध्ये ग्लुकोजचं पाकीट असू द्या.

आता चेअर. पाठीला बाक आलेल्या माणसाला सरळ आडवं केलं की डोकं हवेत राहतं आणि मान ताणली जाते. मानेखाली छोटी उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल द्या. पूर्ण आडवं न करता कलतं बसवा. आपल्याला उभं राहून काम करावं लागेल, करा. काम संपलं की चेअर सरळ करून पाय खाली सोडून दोन मिनिटं बसू द्या. बीपीच्या गोळ्या घेणारी माणसं झटकन उठली की डोळ्यांपुढे अंधारी येते. मी इंटर्न असताना एक आजोबा असे माझ्या शेजारच्या चेअरवरून उठून दोन पावलांवर कोसळले. कपाळाला खोक पडली, खुब्याचं हाड सुदैवाने वाचलं. त्या दिवसापासून पेशंट उठताना माझा हात त्यांच्या कोपराखाली असतो.

ऐकू कमी येणाऱ्यांशी ओरडून बोलू नका. मास्क काढून, समोर बसून, सक्शन बंद करून, जरा खालच्या पट्टीत आणि सावकाश बोला. पुष्कळ जण आपल्या ओठांवरून अंदाज घेत असतात आणि आपण मास्कआडून, पाठीमागून, मशीनच्या आवाजात सूचना देतो. मग केस पेपरवर लिहितो, पेशंट सहकार्य करत नाही!

हाक कशी मारायची हाही प्रश्न आहे. सरसकट सगळ्यांना आजी-आजोबा म्हणू नका. बासष्टीच्या, रोज गिरणीवर दळण डोक्यावर नेणाऱ्या बाईंना आजी म्हटलेलं आवडत नाही. काकू म्हणा, मावशी म्हणा. निवृत्त शिक्षकांना गुरुजी म्हटलं की त्यांची पाठ ताठ होते, तोंड नीट उघडतं. आणि सोबत आलेल्या मुलाकडे बघून "यांना काय होतंय?" असं विचारायचं नाही. स्टूल पेशंटकडे वळवून त्यांनाच विचारायचं. मुलगा मध्येच उत्तर देईल, "बाबांना आता काय, मऊच खातात ते." तेव्हा बाबांच्या चेहऱ्याकडे बघा.

एक गुरुजी असेच आले होते. मुलाचं म्हणणं, वय झालंय, खर्च कशाला. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, मला चावायला नकोत दात. सप्ताहात पारायणाला वाचायला बसायचो, दोन वर्षं बसलो नाही. 'स'चा 'श' होतो, 'त', 'द' पोकळ येतात. पोरं हसतात." मग ट्राय-इनला मी त्यांना आकडे म्हणायला लावले नाहीत, पोथी आणायला सांगितली. चेअरवर बसून त्यांनी पाचेक ओव्या वाचल्या. तिसऱ्या ओवीला शिट्टीसारखा आवाज आला, मी मेण मऊ करून वरचे पुढचे दोन दात किंचित मागे घेतले आणि ते पुन्हा वाचू लागले. तासभर गेला. माझ्या कामातला तो चांगला गेलेला तास होता.

उच्चारांचा विषय निघाला आहे तर, आपली पुस्तकं इंग्रजी आहेत आणि त्यांत एफ आणि व्ही म्हणायला लावा असं लिहिलेलं असतं, म्हणजे वरच्या दातांची कड खालच्या ओठाला कुठे टेकते ते कळतं. पण आपल्याकडच्या बऱ्याच वयस्कर माणसांचा 'फ' दोन्ही ओठ मिटून येतो, 'फळ', 'फूल' म्हणताना दातांचा संबंधच येत नाही. त्यावरून दात लावलेत तर फसाल. 'व' घ्या, तोही 'वि', 'वे' असा: विठोबा, वेळ, बावीस. 'स'साठी आपले साठीतले आकडे फार उपयोगी आहेत. सासष्ट, सदुसष्ट म्हणताना वरचे-खालचे दात जवळ आले पाहिजेत पण एकमेकांवर आपटता कामा नयेत. खटखट वाजले तर कवळीची उंची जास्त झाली. आपण विद्यार्थी ही उंची हमखास जास्त धरतो. जबडा आरामात असताना आणि दात मिटलेले असताना यांत दोन ते चार मिलिमीटरचा फरक राहिला पाहिजे, तो मोजा, पुन्हा मोजा, आणि पेशंट दमलेला असेल तर ते माप दुसऱ्या दिवशी घ्या.

जुनी कवळी असेल तर ती फेकायला सांगू नका. पंधरा वर्षं वापरलेली कवळी म्हणजे त्या माणसाच्या गालांनी आणि जिभेने लिहून ठेवलेली माहिती आहे. टेबलावर ठेवून नीट बघा, कुठे झिजली, कुठे त्यांनी स्वतः कानशीने घासली. तिच्यापासून फार वेगळं काही द्याल तर पंचाहत्तरीला स्नायू नवं शिकायला तयार होत नाहीत.

लाळेचं मात्र सविस्तर सांगते, कारण हे सगळ्यात जास्त सुटतं. तपासताना माउथ मिरर गालाच्या आतल्या बाजूला टेकवून उचला. चिकटला तर तोंड कोरडं आहे. एवढी सोपी खूण आहे. कोरड्या तोंडात वरची कवळी धरत नाही, कारण तिची पकडच मुळी लाळेच्या पातळ थरावर असते. अशा तोंडात झिंक ऑक्साइड युजेनॉलची पेस्ट घालून माप घेतलंत तर ती चिकटते, भाजल्यासारखी आग होते. आधी पाणी पिऊ द्या, ओठांना व्हॅसलिन लावा, आणि अगदीच कोरडं असेल तर मापासाठी दुसरं साहित्य वापरा. ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांच्यात कोरडेपणामुळे मुळांशी कीड लागते. हिरडी खाली गेलेली, मूळ उघडं पडलेलं, आणि त्यावर तपकिरी मऊ पट्टा. एक्सप्लोरर, म्हणजे दात तपासायची टोकदार सळई, अलगद रुततो. वर्षानुवर्षं एकही कीड नसलेल्या माणसाला सत्तरीत एकदम सहा दातांना लागली, तर दातांकडे बघणं थांबवा आणि विचारा, तोंड ओलं ठेवायला काय करता? खडीसाखर चघळतात. खोकल्याची गोळी गालात धरून झोपतात. दिवसातून सात वेळा गोड चहा. तिथे जीआयसी (दातांत भरायचं सिमेंट) भरून, फ्लोराइड वार्निश लावून भागत नाही. खडीसाखरेच्या जागी पाण्याचे घोट आणायला लागतात, आणि गोळी बदलता येईल का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारावं लागतं. ज्यांना ड्रिल सोसवणार नाही त्यांच्यासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हा चांगला मार्ग आहे. कीड थांबते, जागा काळी पडते. काळी पडेल हे आधी सांगा.

तंबाखूबद्दल विचारताना आपला शब्द चुकतो. "तंबाखू खाता का?" म्हटलं की आपल्या भागातल्या बायका ठाम "नाही" म्हणतात आणि त्या खोटं बोलत नसतात. "दात कशाने घासता?" असं विचारा. "मिश्रीनं." भाजलेली तंबाखू, दिवसातून तीन-चारदा, चाळीस वर्षं, पण त्यांच्या लेखी ती तंबाखू नाहीच, दात घासायची पूड आहे. सून बाहेर गेल्यावर विचारलंत तर किती वेळा तेही खरं सांगतील. मग कवळी काढायला लावा (कवळीसकट तपासणारे मी पाहिले आहेत), खालचा ओठ ओढून हिरडीच्या पुढची खाच बघा, जीभ गॉजमध्ये धरून दोन्ही कडा बघा, जिभेखालचा भाग बोटाने चाचपा. पांढरा चट्टा असेल तर बायोप्सीसाठी पाठवा. कवळी घासून झालेला वाटणारा व्रण असेल तर कवळी दुरुस्त करून दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. दोन आठवड्यांत भरला नाही तर थांबायचं नाही. पेशंट येणार नसेल तर तुम्ही फोन करायचा.

वृद्धाश्रमात पहिल्यांदा जाल तेव्हा उपचाराचं सामान कमी न्या आणि सकाळच्या वेळी जा. दात कसे घासले जातात ते नुसतं उभं राहून बघा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सेवा करणाऱ्या मावशी सगळ्यांच्या कवळ्या एका घमेल्यात गोळा करून धुवत होत्या, मायेने आणि भराभरा, आणि मग अंदाजाने ज्याची त्याला देत होत्या. दोन आजोबा कित्येक दिवस एकमेकांची खालची कवळी घालत होते. आता आम्ही प्रत्येक कवळीवर नाव घालतो: बाहेरच्या बाजूला मागे थोडा भाग सँडपेपरने खरवडायचा, बारीक मार्करने नाव लिहायचं, वर पारदर्शक ॲक्रिलिकचा पातळ थर. दहा मिनिटांत होतं, आणि विद्यार्थ्यांनी पहिल्याच भेटीत करावं असं याहून उपयोगी काम मला माहीत नाही.

त्या मावशींशी मैत्री करा. आपण आठवड्यातून एकदा जाणार, त्या रोज असतात. कवळी टूथपेस्टने घासायची नाही, चरे पडतात. साबणाच्या पाण्याने, मऊ ब्रशने, खाली पाणी भरलेलं घमेलं ठेवून, म्हणजे निसटली तरी फुटत नाही. उकळतं पाणी नको, वाकडी होते. रात्री काढून पाण्यात. अंथरुणाला खिळलेल्यांचं तोंड कुशीवर वळवून, ओल्या गॉजने पुसायचं, पाणी ओतायचं नाही. हे नुसतं स्वच्छतेसाठी नाही: तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, आणि रोज तोंड साफ ठेवलं तर तो कमी होतो हे जपानमधल्या नर्सिंग होममध्ये अभ्यासून दाखवलं गेलं आहे. सांधे आखडलेल्यांना ब्रश धरता येत नसेल तर सायकलच्या हँडलची रबरी मूठ ब्रशच्या दांडीवर चढवा. पंधरा-वीस रुपयांत एका माणसाला स्वतःचे दात स्वतः घासता येतात.

जपानचं आणखी एक सांगते, कारण "वय झालं की दात जाणारच" हे वाक्य तुम्ही पेशंटकडून तर ऐकालच, कधी कधी शिकवणाऱ्यांकडूनही ऐकाल. १९८९ मध्ये तिथे ८०२० नावाची मोहीम सुरू झाली: ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात. तेव्हा दहांतल्या एकालाही ते जमत नव्हतं. २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून जास्त लोकांना जमलं होतं. वीसच का, तर तेवढ्या दातांवर बहुतेक सगळं खाता येतं. म्हणून सत्तरीच्या माणसाची शेवटची दाढ गेली असेल आणि बाकीचे दात धड असतील तर ती भरून काढायचा हट्ट धरू नका. आणि शेवटचे दोन-तीन दात उरले असतील तर "सगळे काढून टाकू, मग कवळी छान बसेल" असं म्हणण्याआधी प्रॉस्थोच्या सरांना ओव्हरडेंचरबद्दल, म्हणजे राखलेल्या मुळांवर बसणाऱ्या कवळीबद्दल, विचारा. खालचे दोन सुळे मुळासकट राखले तरी भोवतालचं हाड टिकतं आणि कवळीला आधार मिळतो. त्या आजींच्या जबड्यात दोन मुळं जरी कुणी राखली असती तर खालच्या कवळीला निदान आधार तरी मिळाला असता.

खर्चाचं म्हणाल तर, सरकारी दंत महाविद्यालयात कवळी बाहेरच्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात होते. शिवाय दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या यादीत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही आहे. पण खरा खर्च फेऱ्यांचा असतो. एसटीचं भाडं, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज. सीडीच्या पाच-सहा फेऱ्या पुस्तकात आहेत म्हणून सहा दिवस बोलावू नका. सकाळी पहिलं माप, दुपारपर्यंत कोल्ड क्युअरचा (न तापवता घट्ट होणाऱ्या ॲक्रिलिकचा) ट्रे, संध्याकाळच्या गाडीआधी ग्रीन स्टिकने (गरम करून मऊ करायच्या हिरव्या कांडीने) कडा आणि दुसरं माप. एक फेरी वाचली. ती वाचलेली फेरी कवळी बसवल्यानंतर वापरा.

पुढे काय, हे इंटर्न नेहमी विचारतात. यात करिअर आहे का? एमडीएस करायचं असेल तर प्रॉस्थो, ओरल मेडिसिन किंवा पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री, तिन्हींतून या वाटेला येता येतं. ब्रिटनमध्ये २००८ पासून स्पेशल केअर डेंटिस्ट्री ही स्वतंत्र मान्यताप्राप्त शाखा आहे, तिकडे जाणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावं. एमडीएस न करताही भागतं. माझं भागतं. शहरात घरी जाऊन उपचार करणाऱ्यांना मागणी वाढते आहे, कारण मुलं परदेशी आणि आईवडील तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पैसे इम्प्लांटच्या दवाखान्याइतके मिळणार नाहीत आणि वेळ दुप्पट लागेल, हे आत्ताच सांगते. सुरुवात करायला भांडवल लागत नाही. तुमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेला जा, भाषण देऊ नका, कवळ्यांवर नावं घालून देतो म्हणा. त्या निमित्ताने कवळ्या बाहेर निघतात, आणि मग कळतं की निम्म्या घरी डब्यात आहेत.

आजींची खालची कवळी दुरुस्त होण्यातली राहिली नव्हती. इतके महिने कोरडी पडून ती किंचित वाकली होती आणि खाली हाडही आणखी झिजलं होतं. मी इंटर्नशिपमध्येच त्यांना खालची नवी करून दिली. कॅम्पची गाडी मंगळवारी त्या बाजूला जायची, तिच्यातून पाच वेळा नुसती बघायला गेले. तिसऱ्या वेळी उजवीकडे थोडी घासावी लागली. पाचव्या वेळी त्यांनी ज्वारीच्या भाकरीची कड मोडून माझ्यासमोर खाल्ली, हळूहळू, दोन्ही बाजूंनी, मी शिकवलं होतं तशी. त्या कवळीची सही कोणत्याच रजिस्टरवर नाही. माझ्या दवाखान्यातल्या वहीत मात्र आता कवळी बसवल्याच्या तारखेपुढे चार रकाने आहेत: दुसरा दिवस, तिसरा दिवस, आठवडा, महिना. इंटर्नने त्यांत "ठीक" असं लिहिलेलं मी चालवून घेत नाही. पेशंटने काय खाल्लं ते लिहायचं.